अंडी का थांबतात?

कोलकात्याच्या उपनगरांत परसात चार-दोन देशी कोंबड्या पाळणारी कुटुंबे आढळतात. हिवाळ्यात अंडी थांबली, की कोंबडी निकामी समजून विकली जाते. पुष्कळदा ही घाई नुकसानीची ठरते.

कोंबडीच्या अंडाशयाला चालना मिळते ती प्रकाशामुळे. भरपूर अंडी देण्यासाठी तिला दिवसाकाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. कोलकात्यात जूनमधील दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो. डिसेंबरात तो पावणेअकरा तासांवर येतो. दिवस लहान होऊ लागले, की जुनी पिसे गळून नवी येतात. पिसे मुख्यतः प्रथिनांचीच असल्याने अन्नातील पोषण तिकडे वळते. खुडूक बसलेली कोंबडीही अंडी घालीत नाही. वैशाखातील उकाड्यात चारा कमी खाल्ला जातो व अंडी घटतात. शिवाय एका कवचासाठी सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते. ते शिंपल्यांच्या चुऱ्यातून मिळू शकते.

म्हणून आधी लक्षणे पाहावीत. पिसे गळत असतील, तर दोन-तीन महिने धीर धरावा. मात्र कोंबड्या मलूल होऊन एकाएकी मरू लागल्या, तर पशुवैद्यकास त्वरित कळवावे. २००८ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा परसातील असंख्य कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या.