25 टक्के नफा, 20 टक्के सूट… आणि हातात भोपळा!

नफा-तोट्याचा व्हिडिओ पाहिला असेल, तर आता वही-पेन घ्या. व्हिडिओत आकडे पटकन निघून जातात, इथे सावकाश पाहू. गणित सातवी-आठवीचंच आहे. पण शाळेत चुकलं तर मार्क जातात, दुकानात चुकलं तर बचत गटाचा हप्ता थकतो.

अमरावतीच्या बॅचमधल्या एका ताईंचा हिशेब सांगतो. दिवाळीच्या आधी त्यांनी नागपूर रोडवरच्या ठोक कापड बाजारातून 60 कुर्त्या आणल्या, प्रत्येकी 400 रुपयांनी. म्हणजे 24,000 चा माल. 400 वर 25 टक्के चढवले आणि 500 ची चिठ्ठी लावली. आठवडाभर गिऱ्हाईक फक्त हात लावून जायचं. शेजारच्या स्टॉलवर सेलचा बोर्ड दिसला, तसा यांनीही लावला : 20 टक्के सूट. 20 कुर्त्या आधीच 500 ने गेल्या होत्या, उरलेल्या 40 सुटीच्या भावात गेल्या. गल्ल्यात 26,000 जमले. घरी सांगितलं, दोन हजार सुटले. आणि महिन्यानं गटाचं कर्ज फेडायला बसल्या, तर पैसे पुरेनात. मला विचारलं, "सर, सव्वीस हजार तं हातात आले नं जी, मंग पैसे गेले कोठी?"

चला, शोधू.

पहिली गोष्ट. 500 मधून 20 टक्के सूट म्हणजे 100 रुपये. उरले 400. म्हणजे खरेदीचाच भाव! 25 टक्के चढवले, 20 च उतरवले, तरी 5 टक्के का उरले नाहीत? कारण 25 टक्के 400 चे आहेत आणि 20 टक्के 500 चे. टक्का ऐकला की पहिला प्रश्न हाच विचारा : कशाचा टक्का? नफ्याचा शेकडा आपण खरेदीवर काढतो, सूट मात्र छापील किमतीवर बसते. म्हणून खरेदीवर 25 टक्के चढवले असतील तर 20 टक्के सुटीत नफा साफ. 50 टक्के चढवले असतील तर 33 टक्क्यांच्या थोडं पुढे साफ. दामदुप्पट लावला असेल तर 50 टक्के सुटीला साफ. हे तीन आकडे गल्ल्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. कुर्ती 400 ला पडलीच नव्हती. ऑटो, पिशव्या आणि फिटिंग मिळून 1,200 गेले. स्टॉलचं भाडं 3,000. गटातून 25,000 उचलले होते, महिना 2 टक्क्यांनी दोन महिन्यांचं व्याज 1,000. आता मांडा :

24,000 + 1,200 + 3,000 + 1,000 = 29,200

जमा 26,000. तोटा 3,200. ताईंचं स्वतःचं उभं राहणं यात धरलेलंच नाही. 29,200 ला 60 ने भागा, एक कुर्ती पडली साधारण 487 रुपयांना. पुस्तकात हिला एकूण खरेदी किंमत म्हणतात, आपण 'पडता भाव' म्हणू. हा भाव माहीत नसताना सुटीचा बोर्ड लावणं म्हणजे अंधारात गाडी चालवणं.

मग चिठ्ठी कितीची हवी होती? इथे उलटं चालायचं. पडत्या भावावर 15 टक्के नफा पाहिजे, तर 487 गुणिले 1.15, म्हणजे 560. हा गिऱ्हाइकाकडून प्रत्यक्ष मिळणारा भाव. 20 टक्के सूट दाखवायची असेल तर 560 हे छापील किमतीचे 80 टक्के झाले. 560 भागिले 0.80, बरोबर 700. पडताळून पाहा : 700 चे 20 टक्के 140, उरले 560. पुष्कळ जण 560 मध्येच 20 टक्के मिळवून 672 लिहितात. त्याच्यातून 20 टक्के गेले की हाती 537 च येतात. चढवायचं नाही, भागायचं.

आता खरं सांगतो, ती कुर्ती बाजारात 560 ला जाईलच असं नाही. नसेल जात, तर चिठ्ठी 525 ची ठेवा आणि सूट देऊच नका. 60 नग गेले तर 31,500 येतात, 2,300 सुटतात. आणि 700 ला कधी विकलीच नाही, तरी '700 ची 560 ला' असा बोर्ड लावायचा, हे मला पटत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कारवाई आहे, ते वेगळंच. पाकिटबंद मालावर एमआरपी छापलेली असेल तर तिच्यावर विकताच येत नाही, हेही विसरू नका.

आता अकोल्याकडे वळू. दाळ मिलचं गाव, त्यामुळे तिकडच्या मुलांचा धंदा ठरलेला : तूर घ्यायची, मिलमधून भरडून आणायची, पाकिटं करून विकायची. 2025-26 चा तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 आहे, तोच धरू. "80 ची तूर, 110 ची दाळ, किलोमागे 30 सुटले!" असं सांगणारा एक तरी भाऊ प्रत्येक बॅचला भेटतो. अहो राजेहो, 100 किलो तुरीची 100 किलो दाळ होते का? समजा 70 किलो दाळ निघाली. भरडाई 400, हमाली-वाहतूक-पिशव्या 300. चुनी-टरफल विकून 500 आले, ते वजा करा. 8,000 + 700 − 500 = 8,200. भागिले 70, म्हणजे किलोला 117 रुपये पडता भाव. 110 ने विकली तर किलोमागे 7 गेले. तुमच्या मिलचा उतारा 70 पेक्षा कमी-जास्त असेल, तो काट्यावर मोजूनच लिहा, मिलवाल्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

130 ने विकली तर जवळपास 13 रुपये नफा. किराणावाला म्हणतो, "भाऊ, पाचच टक्के कमी करा." पाच टक्के म्हणजे साडेसहा रुपये. तुमचा अर्धा नफा गेला! तेवढेच पैसे कमवायला आता दुप्पट दाळ विकावी लागेल. तेवढा माल तो खरंच उचलणार आहे का, हे विचारा आणि मगच मान हलवा.

जाता जाता दोन लहान हिशेब. आधी 20 आणि मग आणखी 10 टक्के सूट म्हणजे 30 नाही, 28 टक्के. 100 चे 80, 80 चे 72. आणि 'दोनवर एक फ्री' म्हणजे तीन नगांना दोनाचे पैसे, 33 टक्क्यांहून थोडी जास्त सूट.

आता तुमची पाळी. मुगाच्या पापडाचा तुमचा भाव किलोला 220 आहे. दुकानदार म्हणतो, 15 टक्के कमी करा आणि 10 किलोवर 1 किलो फ्री द्या. तुम्हाला किलोमागे खरे किती मिळाले? 170 आले तर बरोबर. 187 आले असतील तर फुकटचा किलो मोजायचा राहिला.