फेरारी भागिले चौसष्ट

खेळण्यातली गाडी आणि मॉडेल यात फरक काय, असं हॉस्टेलवर मला जवळजवळ रोज कोणीतरी विचारतं. माझं उत्तर एका शब्दाचं आहे : स्केल. खेळणं नुसतं गाडीसारखं दिसतं. मॉडेल म्हणजे खरी गाडी एका ठरलेल्या संख्येने भागलेली.

फेरारी एफ-४० घेऊ. खरी गाडी ४३५८ मिमी लांब, १९७० मिमी रुंद आणि ११२४ मिमी उंच. ६४ ने भागा. ६८, ३१ आणि साडेसतरा मिमी. तळहातावर आली की नाही? हीच गाडी १:४३ मध्ये १०१ मिमी होते आणि १:१८ मध्ये २४२ मिमी, म्हणजे आपल्या टेबलावर ड्रॉइंगच्या शीट्स ठेवायला जागा उरत नाही.

आता ४३ हा विचित्र आकडा कुठून आला? रेल्वेतून. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीची खेळण्यातली आगगाडी ओ-गेजवर धावायची. त्यात एका फुटाला ७ मिमी असं माप होतं. एक फूट म्हणजे ३०४.८ मिमी, त्याला ७ ने भागलं की साडेत्रेचाळीस. १९३३-३४ मध्ये त्या आगगाडीच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला ज्या छोट्या मोटारी काढल्या, त्याच पुढे डिंकी टॉईज झाल्या. आगगाड्या मागे पडल्या, माप राहून गेलं.

१:६४ चं मात्र एवढं मनावर घेऊ नका. स्वस्तातल्या गाड्या एकाच मापाच्या पॅकेटमध्ये बसवायच्या असतात, त्यामुळे बस आणि मिनी शेजारी ठेवल्या तर लांबीने सारख्याच निघतात. जुनी मिनी ३.०५ मीटरची, म्हणजे १:६४ ला ती ४८ मिमीच हवी. फूटपट्टी लावून बघा, बहुतेक वेळा जास्त भरते. स्पोर्ट्स कार साधारण साडेचार मीटरच्या असल्यामुळे त्या या मापाला बऱ्यापैकी प्रामाणिक राहतात. मी त्याच जमवतो त्याचं हे एक कारण. (दुसरं कारण सांगायची गरज नाही.)

लांबी ६४ ने भागली, मग वजन? वजन घनफळाबरोबर जातं, म्हणून ६४ चा घन, २,६२,१४४. फेरारीने एफ-४० चं कोरडं वजन ११०० किलो सांगितलं होतं. भागाकार येतो ४.२ ग्रॅम! हातातली गाडी काट्यावर ठेवली तर तीस-चाळीस ग्रॅम भरते. म्हणजे आपलं मॉडेल हिशोबापेक्षा सात-आठ पट जड आहे. का? मोटारीचा साधारण ०.८ मिमीचा पत्रा ६४ ने भागला तर ०.०१२५ मिमी येतो, पोळ्या गुंडाळायच्या फॉइलइतका. असलं ओतकाम कोणी करू शकत नाही. मॉडेलची भिंत एक मिलिमीटरच्या आसपास असते. ती उलट ६४ ने गुणा, ६४ मिमी जाडीची बॉडी! फेरारी कसली, रणगाडाच तो.

वेगाची तर अजूनच गंमत. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून ट्रॅक खाली सोडला आणि घर्षण सोडून दिलं, तर खाली येताना गाडीचा वेग √(२gh), म्हणजे ३.८ मीटर प्रति सेकंद. त्याला ६४ ने गुणून कोणी म्हणेल, ताशी ८८० किमी. डोळ्यांना तसं वाटतंही. पण गुरुत्वाकर्षण कोणी ६४ ने भागलेलं नाही. गतीचा नियम लावायचा तर वेग लांबीच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे आठ पट. हिशोब येतो ताशी ११० किमी. फ्लुइड मेकॅनिक्समधला फ्राउड नंबर तो हाच, आठवला का? पूर्वी सिनेमात छोट्या मॉडेलचे अपघात हाय-स्पीड कॅमेऱ्याने घेऊन हळू दाखवायचे, तेही याचसाठी.

आता ही गाडी बनते कशी. धातू म्हणजे झमॅक : जस्त, अंदाजे चार टक्के ॲल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम आणि काही प्रकारांत तांबं. जर्मन भाषेतल्या याच चार धातूंच्या नावांवरून हे नाव पडलं. हा धातू ३८५ अंशांच्या आसपास वितळतो आणि लोखंडाला फारसा खात नाही, म्हणून पंप सरळ वितळलेल्या धातूतच बुडवून ठेवता येतो. यालाच हॉट चेंबर म्हणतात. ॲल्युमिनियमला ६६० अंश लागतात आणि ते पंपच खाऊन टाकतं. मॉडेल उलटी करून नीट बघा, कपड्याच्या चिमट्याएवढ्या वस्तूत आपलं अर्धं मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेसचं जर्नल सापडेल. साच्याचे दोन भाग मिळतात तिथे पार्टिंग लाईन, आत इजेक्टर पिनचे गोल ठसे, सगळ्या बाजूंना थोडा ड्राफ्ट. बॉडीला खाली दोन खुंट असतात, ते तळातून आरपार घालून टोकं फुलवतात. झालं रिव्हेट. बाजूचे आरसे बहुतेक वेळा नसतात, कारण ते असले तर साचा सरळ उघडणार नाही.

चाकांची गोष्ट वेगळीच. १९५३ पासून इंग्लंडच्या लेस्नी कंपनीच्या मॅचबॉक्स गाड्या जगभर विकल्या जात होत्या. दिसायला सुंदर, पण पळायच्या नाहीत. १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेलने हॉट व्हील्सच्या पहिल्या १६ गाड्या आणल्या. त्यांचे आस बारीक तारेचे होते, त्यामुळे घर्षण कमी. मॅचबॉक्सने वर्षभरात सुपरफास्ट नावाने तशीच चाकं काढली, पण साचे बदलायचा खर्च अवाढव्य होता. १९८२ मध्ये लेस्नी बुडाली आणि नाव हातोहात फिरत १९९७ मध्ये मॅटेलकडेच आलं. ज्याने हरवलं त्याच्याच घरी!

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे झिंक पेस्ट. जस्तात शिसं, कथील किंवा कॅडमियम थोडंसं जरी मिसळलं, तरी दमट हवेत धातू कणांच्या सीमांवरून आतून कुजतो. गाडी फुगते, तडे जातात, शेवटी भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी अशा गेल्या. यावर इलाज नाही. ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरणं हाच उपाय, आणि तो कारखान्यात करायचा असतो, आपण नाही. आपण फक्त पावसाळ्यात डबा कोरडा ठेवू शकतो.

शेवटी पैशाचं. आमच्या विंगमधला एक जण मेसच्या ॲडव्हान्समधून चार हजार काढून एका विक्रेत्याकडून '१९६९ ची ओरिजिनल' घेणार होता. तळाशी © १९६९ छापलेलं होतं ना! अरे बाबा, ते साल डिझाइनच्या हक्काचं. तोच साचा पुढे वर्षानुवर्षे चालतो. हॉट व्हील्सच्या तळावर २००८ पासून एक छोटा कोड असतो, अक्षर वर्षाचं आणि आकडे आठवड्याचे. तो कोड दिसला की गाडी २००८ नंतरची, विषय संपला. त्याच्या गाडीवर तो होता. 'फेरारी दुर्मिळ' म्हणणाऱ्यांनाही एवढं विचारा : २०१४ नंतर दहा वर्षं मॅटेलकडे फेरारीचं लायसन्स नव्हतं, म्हणून जुन्यांचे भाव चढले. २०२५ पासून त्या पुन्हा निघू लागल्या आहेत. त्या काळातल्या फेरारी बुरागोच्या मिळतात.

चार हजार वाचले, त्यातून त्याने एक व्हर्नियर घेतला. आता माझ्या गाड्या तोच मोजत बसतो आणि दोन मिमी जास्त भरली की मला उठवायला येतो.