पिकअपवरील जादा दिव्यांविषयी

॥ श्री ॥
रत्नागिरी

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. आंब्याचा हंगाम तोंडावर आला असता पिकअपवर ४८ वॅटचे सहा एलईडी दिवे चढवण्याचा तुझा मनसुबा वाचला, आणि रात्री बागेत पेट्या भरताना गड्यांची होणारी तारांबळ तुझ्या ध्यानात आली याचा मनस्वी संतोष वाटला. कारण दिवसा उतरवलेला हापूस निवडून, पेंढ्यात बसवून, वाशीच्या बाजार समितीकडे रातोरात रवाना करावयाचा, तर त्यातले पुष्कळसे काम काळोखातच उरकावे लागते, आणि काळोखात माणसाचा पाय घसरतो नि फळही दुखावते.

तेव्हा दिवे अवश्य लाव; परंतु किती लावावयाचे याचा निर्णय दुकानातील लखलखाटावर न सोपवता हिशेबावर सोपव. सहा दिव्यांचे २८८ वॅट, म्हणजे १२ व्होल्टच्या गाडीत २४ अँपिअरचा भार; आणि भरणीच्या वेळी इंजिन बंद असते, त्यामुळे ८० अँपिअर-तासांची बॅटरी दोन तासांत निम्म्याहून अधिक रिकामी होऊन भरली गाडी ऐन निघण्याच्या वेळी सुरूच होऊ नये, असा प्रसंग ओढवेल. याउलट १८ वॅटचे दोन दिवे केवळ ३ अँपिअर घेतात, आणि एक हौद्यावर व एक मागच्या फाळक्यापाशी, दोन्ही खाली झुकवून लावले, तर काम करणाऱ्या हातांपुरता उजेड यथेच्छ मिळतो. निळसर प्रखर प्रकाश मात्र टाळ. त्यात देठाजवळचा चिकाचा डाग आणि सालीवर नुकतीच चढू लागलेली पिवळी झाक यांची पारख नीट होत नाही.

वायरिंगमध्ये कसूर करू नकोस. हेडलाइटच्या तारेला जोड देऊन वीज घेऊ नये. बॅटरीपासून स्वतंत्र तार न्यावी, आणि फ्यूज दिव्यापाशी न बसवता बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत बसवावा, कारण तार मध्येच कोठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर फ्यूजच्या अलीकडील तारेला संरक्षण असे उरत नाही. पत्र्यातल्या प्रत्येक छिद्राला रबरी कडे घाल. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून, बोल्ट आवळून, वर पेट्रोलियम जेली चोपड. आपल्याकडील खाऱ्या दमट हवेत उघड्या तांब्यावर पाहता पाहता हिरवट कीट चढतो, आणि मग दिवा मंद का झाला याचा शोध भलतीकडेच चालू राहतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे दिवे बागेतल्या उभ्या गाडीसाठी आहेत, रस्त्यासाठी नव्हेत. मागे पांढरा दिवा पेटता राहिला, तर मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि समोरचे वाहन आपल्याकडे येते आहे की पुढे जाते आहे याचाच त्याला क्षणभर उलगडा होत नाही. आंबा घाटासारख्या वळणांवर तो एक क्षण प्राणघातक ठरू शकतो. म्हणून हे दिवे चालू राहिल्याचे चालकाला कळावे यासाठी स्विचपाशी तांबडा निदर्शक दिवा असलाच पाहिजे. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने वाहनाच्या मूळ रचनेतील फेरफारांवर निर्बंध घातले आहेत. सबब छिद्रे पाडण्यापूर्वी आरटीओ कचेरीत चौकशी करून घे, आणि विमा कंपनीसही लेखी इत्तला दे.

येत्या रविवारी गाडी घेऊन ये. तार कोठून न्यावयाची ते चासीवर खडूने आखून देईन. वायरमनलाही सोबत आणलेस तर बरे.

तुझा,
काका