जांभळाचा रंग आणि संत्र्याचा रंग
(इयत्ता ४ थी)

जांभूळ खाल्ले की जीभ जांभळी होते. मग संत्रे खाल्ल्यावर ती नारिंगी का होत नाही? गुरुजींनी हे वर्गात समजावून सांगितले, ते मी लिहितो.

फळ लहान लहान पेशींचे बनलेले असते. जांभळाच्या पेशीत रसाने भरलेली एक पिशवी असते. तिला रिक्तिका म्हणतात. नाव रिक्तिका, पण ती रिकामी नसते बरं का! जांभळा रंग या पिशवीच्या बाहेर तयार होतो, पण बाहेर नीट टिकत नाही. आतला रस आंबट, त्यात तो टिकतो आणि खुलतो. म्हणून त्याला आत न्यावे लागते. पेशीतली काही प्रथिने हमालासारखी रंगाला धरून पोचवतात आणि पिशवीच्या पडद्यावरची दारे त्याला आत घेतात. हमालच नसला तर? मक्यात हे १९९५ साली शास्त्रज्ञांना कळले. ज्या मक्यात हमाल बिघडलेला असतो, त्याचे दाणे जांभळे न होता काशाच्या वाटीसारखे तपकिरी होतात.

एवढा खटाटोप कशाला? तर हा रंग कडक ऊन अडवतो. आपण मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधतो ना, तसेच. आंब्याची कोवळी पाने तांबूस दिसतात ती याच जातीच्या रंगाने.

संत्र्याचे वेगळे आहे. त्याचा रंग त्या पिशवीत न्यावा लागत नाही. सालीच्या पेशीत हिरवे कण असतात. हिरवेपणा जिरला की त्याच कणांत नारिंगी रंग भरतो. हा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून जीभ रंगत नाही. आम्ही वाळलेली साल कुटून गरम गोडेतेलात टाकली, तेल पिवळे झाले. जांभळाच्या साली उकळल्या तर पाणीच जांभळे होते.

पण हिरवेपणा जायला रात्री गार लागतात. आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबरपासून निघते. तेव्हा थंडी उशिरा पडली तर साल हिरवीच राहते. माझा आजा म्हणतो, "फय गोड हाये, पण रंग नाही म्हणून भाव पाडतेत." नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाजारात आधी सालच पाहतात. काही ठिकाणी अशी फळे बंद खोलीत ठेवून इथिलीन वायू सोडतात. त्याने साल नारिंगी होते. फोड मात्र आधी जेवढी गोड होती तेवढीच राहते.