डब्यातील संगणक

टेबलाखाली उभ्या असलेल्या पेटीला आपल्याकडे सर्रास 'सीपीयू' म्हणतात. वस्तुतः सीपीयू म्हणजे प्रोसेसर; तो त्या पेटीच्या पोटात, पंख्याखाली दडलेला, काडेपेटीएवढा चपटा तुकडा असतो. नावाची ही गफलत आम्हांस किरकोळ वाटत नाही. पेटी म्हणजेच संगणक हा समज एकदा दृढ झाला, की तिचे बटण मोडताच किंवा पत्रा गंजताच आतील सुस्थितीतले भागही भंगारात जातात. आणि ज्याला नवी पेटी घेणे परवडत नाही, तो ही विद्या आपल्यासाठी नाही असे मानून बाजूला होतो. आपल्या मुलांच्या बाबतीत हे दुसरे नुकसान अधिक मोठे आहे.

संगणकाला कारखान्यातील पेटी असलीच पाहिजे, असा दंडक प्रारंभी नव्हता. १९७६ साली स्टीव्ह वॉझनियॅक यांनी रचलेला 'ॲपल-१' विकला गेला तो केवळ एका जोडलेल्या बोर्डाच्या रूपात. कळफलक, पडदा, ट्रान्सफॉर्मर आणि पेटी ग्राहकाने आपली आपण पाहावयाची होती. काहींनी लाकडी खोकी करून घेतली. १९९६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांच्या शोधयंत्राच्या प्रयोगासाठी ४ गिगाबाइटच्या १० हार्ड डिस्क बसविल्या गेल्या, त्या मुलांच्या खेळातील ठोकळ्यांच्या कपाटात. त्याच प्रयोगाचे पुढे गूगल झाले.

तथापि आम्हांस सर्वांत जवळचे वाटते ते 'जेरी'चे उदाहरण. २०११ च्या सुमारास पॅरिसमधील काही विद्यार्थ्यांनी टाकून दिलेल्या संगणकांचे भाग २० लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये बसविले, त्यावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली चढविली आणि तो चालू केला. अशा कॅनला तिकडे 'जेरीकॅन' म्हणतात, त्यावरून हे नाव. (मूळचा हा कॅन १९३० च्या दशकातील जर्मन सैन्याचा, शत्रूने त्याला दिलेले टोपणनाव तेवढे टिकले.) ही कल्पना पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमधील अबिदजान शहरापर्यंत पोचली. तिथे पाण्याचा कॅन घरोघरी असतो. परक्या वाटणाऱ्या यंत्राला ओळखीचे घर मिळाले.

आता प्रत्यक्ष कृती. डबा निवडण्यापूर्वी मदरबोर्ड मोजावा. मोठा बोर्ड ३०.५ × २४.४ सेंटिमीटरचा, तर सर्वांत लहान प्रचलित प्रकार १७ × १७ सेंटिमीटरचा असतो. डिझेलचा कॅन घेऊ नये. त्यात उरलेली वाफ पेट घेऊ शकते. पाण्याचा कॅन किंवा स्वच्छ धुऊन वाळविलेला तेलाचा डबा चांगला. कापण्याआधी सर्व भाग कोरड्या लाकडी फळीवर मांडून, जोडून, पडद्यावर अक्षरे उमटतात की नाही ते पाहावे. कापलेला डबा पुन्हा सांधता येत नाही.

पेटीचे खरे काम दिखाऊ नसून तीन प्रकारचे आहे: आधार, हवा आणि सुरक्षितता. पत्र्याच्या डब्यात मदरबोर्ड थेट टेकविल्यास त्याच्या पाठीवरील डाख पत्र्याला लागून शॉर्ट होते, म्हणून खाली छोट्या पितळी खुंट्या हव्यात. थंड हवा खालून आत यावी आणि गरम हवा वरून बाहेर जावी, अशी भोके पाडावीत. एसएमपीएसच्या पंख्यासमोर तर मोकळी खिडकीच ठेवावी. चालू करण्याचे बटण ही सर्वांत सोपी बाब. मदरबोर्डवरील दोन खुंट क्षणभर जोडले की यंत्र जागे होते, त्यामुळे दाराच्या घंटेचे बटणही चालते.

सावधगिरी मात्र एसएमपीएसबाबत. ती पेटी कधीही उघडू नये. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर तिच्यातील कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो आणि वायर काढल्यावरही काही काळ राहतो. तिला तीन पिनांचा प्लग व खरे अर्थिंग हवेच. डबा पत्र्याचा असेल, तर ती पत्र्याला स्क्रूने घट्ट कसावी, म्हणजे डब्यालाही अर्थिंग मिळेल. प्लास्टिकमध्ये हा प्रश्न येत नाही, पण प्लास्टिक रेडिओलहरी अडवीत नाही. शेजारी रेडिओ लावल्यास खरखर ऐकू येईल. हे काम थोरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी वा कार्यालयात जुने संच धूळ खात पडले असतील, त्यांनी ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत. रॅम, हार्ड डिस्क आणि एसएमपीएस यांपैकी काही ना काही बहुधा चालू निघते. डब्याचे झाकण मात्र बिजागरीचे ठेवावे. दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून धूळ ब्रशने झाडावी लागते, आणि त्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या मुलाला आतला प्रोसेसर कोठे आहे ते दाखविता येते.