बारीक केस, दमट हवा

डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडताना केस कितीही चापूनचोपून बसवले, तरी गाडी कळव्याची खाडी ओलांडेपर्यंत कपाळाभोवती आणि कानांमागे पिंजर उभी राहते. ज्यांचे केस जाड आहेत त्यांना हे फार जाणवत नाही. बारीक पोताच्या, थोड्या लाटदार केसांचे मात्र दोन्हीकडून हाल होतात. काही लावलं नाही तर ते पिंजारतात आणि लावलं तर टाळूला चिकटून बसतात. मीही बरीच वर्षं तेल लावून घट्ट वेणी घालत होते. त्यात केस चपटे व्हायचे आणि शेंडे तरीही पिंजारलेलेच राहायचे. पुढे दिलेली कृती अशाच केसांसाठी आहे.

आपले केस बारीक आहेत का, हे आधी बघा. एक गळलेला केस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत फिरवा. हाताला तो जाणवतच नसेल, तर केस बारीक. केस संख्येने भरपूर असूनही प्रत्येक केस बारीक असू शकतो, त्यामुळे वेणीच्या जाडीवरून अंदाज बांधू नका.

केस हवेतलं पाणी पितो. सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने 1783 साली माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक जगापुढे मांडलं, ते याच गुणावर. हवा दमट झाली की केस किंचित लांबतो, कोरडी झाली की आखडतो. खाडीकाठच्या आपल्या गावांत जून ते सप्टेंबर प्रत्येक केस असा फुगत असतो आणि ज्याचा पृष्ठभाग खरखरीत झालाय तो शेजारच्या केसांपासून सुटून उभा राहतो. म्हणजे आपल्याला करायच्या गोष्टी दोनच: धुताना शेंड्यांना ओलावा पुरेसा द्यायचा आणि सुकताना केसांवर हलकं आवरण ठेवायचं. वजन नको.

तेलापासून सुरुवात करू. खोबरेल तेल सोडायची गरज नाही, फक्त त्याची वेळ बदला. मुंबईतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसांतल्या प्रथिनांची झीज कमी करण्यात खोबरेल एकटंच उपयोगी ठरलं. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. म्हणून न्हाण्याआधी तासभर, चहाचा अर्धा चमचा तेल तळव्यावर चोळून फक्त कानाच्या खालच्या केसांना लावा. टाळूला नको, आणि न्हाऊन झाल्यावर वरून तर अजिबात नको. केस बारीक असले की टाळूचं स्वतःचं तेलच भराभर खाली उतरतं.

न्हाण्याचं पाणी कोमट घ्या. चमचाभर शाम्पू अर्ध्या मग पाण्यात ढवळा आणि ते पाणी टाळूवर ओतून बोटांच्या पेरांनी चोळा. नखं लावू नका. शेंड्यांना वेगळा शाम्पू लागत नाही, वरून वाहणारा फेस त्यांना पुरतो. शिकेकाई वापरत असाल तर रात्री भिजवून सकाळी उकळा आणि काढा कपड्यातून गाळून घ्या. पूड तशीच केसांत चोळली की तिचे कण बारीक केसांत अडकतात आणि ते काढताना केस तुटतात. लोकलचा घाम आणि धूळ धरली तर दर दोन-तीन दिवसांनी न्हायला हरकत नाही. आठवड्यातून एकदाच न्हाण्याचा नियम या केसांना झेपत नाही.

मग कंडिशनर. सुपारीएवढा पुरे, आणि तोही खालच्या अर्ध्या केसांना. डब्यामागची यादी वाचा. शिया बटर किंवा डायमेथिकोन पहिल्या चार-पाच नावांत असेल तर ते जड पडेल. कंडिशनर केसांत असतानाच जाड दातांच्या कंगव्याने गुंता सोडवा, शेंड्यांकडून वर जात. आता ओंजळीत पाणी घेऊन केस मुठीत हलकेच दाबा. पाणी आणि कंडिशनर एकत्र कुस्करल्याचा पचपच आवाज यायला हवा. तो आला की केसांनी पाणी धरलं असं समजा. मग टाळूकडचा भाग स्वच्छ खळाळून धुवा.

इथे पाण्याचा प्रश्न येतो. कल्याण-डोंबिवलीत उल्हास नदीचं पाणी नळाला येतं, ते केसांना सोसतं. बोअरवेल किंवा टँकरवर चालणाऱ्या इमारतींत, घोडबंदर रोडकडे अशा बऱ्याच आहेत, पाणी जड असू शकतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो का ते बघा. धरत असेल तर पंधरवड्यातून एकदा शेवटच्या लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून ते केसांवरून ओता आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा. नुसता लिंबाचा रस थेट केसांवर पिळू नका.

न्हाऊन झाल्यावर टॉवेलने खसाखसा पुसायची सवय सोडा. जुना सुती पंचा किंवा विरलेला टी-शर्ट घ्या, पुढे वाकून केस त्यात गोळा करा आणि दहा मिनिटं गुंडाळून ठेवा. इतकंच.

आता जवसाचं जेल. माझा सगळा भर याच्यावर आहे. वाण्याकडे जवस मिळतात, काही जण त्यांना अळशी म्हणतात. दोन मोठे चमचे जवस आणि दोन वाट्या पाणी मध्यम आचेवर ठेवा, मधूनमधून ढवळा. पाच मिनिटांत कडेला पांढरा फेस येतो. आणखी दोन-तीन मिनिटांनी चमचा उचलून बघा. आधी पाण्याचे थेंब पडतील, मग थेंबामागे बारीक तार येईल, अंड्याच्या पांढऱ्यासारखी. ती तार दिसली की लगेच गॅस बंद करा. गार झाल्यावर जेल आणखी घट्ट होतं, आणि आपल्याला पातळच हवं. गरम असतानाच गाळा, कारण गार झालेलं जेल गाळणीतून उतरतच नाही. पातळ कापडात घालून चिमट्याने पिळलं तर हात भाजत नाहीत.

केस ओले असतानाच, म्हणजे पाणी टपकायचं थांबलंय पण हाताला ओल लागतेय तेव्हा, चहाचा एक चमचा जेल दोन्ही तळव्यांवर पसरा. नमस्कार करतो तसे तळवे जुळवून त्यांच्यामधून केसांच्या बटा वरून खाली सोडा. मग खाली वाकून बटा मुठीत घेऊन वरच्या दिशेने दाबा. खांद्यापर्यंतच्या केसांना एवढं पुरतं. त्याहून जास्त लावलं तर केस सुकल्यावर चिकटतात.

यानंतर हात लावायचा नाही. कठीण आहे हे, पण सगळं यश यावर आहे. अर्धवट सुकलेल्या केसांतून बोटं फिरवली की पिंजर तिथेच सुरू होते. पंख्याखाली बसा, किंवा ड्रायर मंद ठेवून हातभर लांब धरा. पूर्ण सुकल्यावर केसांवर किंचित कडक पापुद्रा जाणवेल. तेव्हा केस मुठीत घेऊन कुस्करा. पापुद्रा मोडतो आणि मऊ, मोकळ्या लाटा राहतात.

सकाळच्या गाडीच्या वेळेत हे सगळं बसत नाही, म्हणून मी रात्री न्हाते. ओल्या केसांचा अंबाडा घालून निजू नका. ओला केस कमकुवत असतो, ताणला की तुटतो. पूर्ण सुकवा, उशीला सॅटिनचा अभ्रा घाला आणि माथ्यावर सैल गाठ बांधा. सकाळी विंचरू नका. ओल्या तळव्याने फक्त वरचे उभे केस दाबा. डब्यात दाराशी उभं राहायची वेळ आली तर सैल वेणी घाला आणि ठाणे किंवा दादर आल्यावर सोडा.

पावसाळ्यात ग्लिसरीन घातलेलं क्रीम सुकलेल्या केसांवर लावू नका, ते हवेतला ओलावा आणखी ओढून घेतं. दिवाळीत नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान करून फडके रोडला जायचं असेल, तर अंगाला हवं तेवढं तेल चोळा, केसांना मात्र तेच अर्धा चमचा. पहाटे केस सुकवायला पाऊण तास हाताशी ठेवा. गजरा सुकलेल्या केसांवरच माळा.

एका न्हाण्यावरून निकाल लावू नका. चार वेळा करून बघा आणि जेलचं प्रमाण आपल्या केसांनुसार कमी करत जा. टाळू खाजत असेल किंवा केस पुंजक्याने गळत असतील तर ही कृती थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. उरलेलं जेल काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये ठेवा. आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्या.