आदल्या रात्रीं मळलेलें पीठ

स्वयंपाकघर ही विद्यार्थ्यांची एक प्रयोगशाळाच होय, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. यास्तव आज आम्हीं इटलींतील पिझ्झा या चपट्या रोटीचा विषय घेतला आहे. नेपल्स शहरांत ही रोटी करण्याची कला पिढ्यानुपिढ्या चालत आली असून, २०१७ सालीं युनेस्कोनें तिला मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें.

तेथील प्रखर भट्टींत पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. त्याच्या पिठास मात्र कित्येक तास लागतात. युरोपीय संघानें २०१० सालीं नोंदविलेल्या कृतींत एक लिटर पाण्यास ५० ते ५५ ग्रॅम मीठ, सुमारें १.८ किलो मैदा आणि यीस्ट अवघें ३ ग्रॅम आहे. मळलेलें पीठ दोन तास झांकून ठेवितात. नंतर त्याचे गोळे करून ते आणखी चार ते सहा तास विसावूं देतात.

हा विलंब कशासाठीं? यीस्ट हा बुरशीच्या वर्गांतील एकपेशीय सजीव आहे. पिठांतील स्टार्चपासून हळूहळू साखर तयार होते. ती खाऊन यीस्ट कार्बन डायॉक्साइड वायु सोडतें. इकडे गव्हांतील प्रथिनें पाणी शोषून ग्लुटेनचें जाळें विणतात, व त्यांत तो वायु अडकून पीठ फुगतें. विसाव्यानें हें जाळें सैल पडतें, म्हणून गोळा न फाटतां पसरतो. आमच्या गृहिणी पोळीची कणीक तिंबून झांकून ठेवितात, त्यांतील मर्महि हेंच. गोव्यांतील पोदेर पूर्वीं पाव फुगविण्यास माडाची सूर घालीत. तिच्यांतहि यीस्टच असतें.

घरीं करावयाचें झाल्यास २५० ग्रॅम मैदा, १६० ग्रॅम पाणी, ५ ग्रॅम मीठ व चिमूटभर कोरडें यीस्ट घेऊन दहा मिनिटें मळावें. अर्ध्या तासानें दोन गोळे करून, तेलाचा हात लावलेल्या ऐसपैस डब्यांत झांकून शीतपेटींत ठेवावे. थंडीमुळें यीस्टचें काम मंदावतें, थांबत नाहीं. एक-दोन दिवसांत चव खुलते. भाजण्यापूर्वीं तासभर गोळे बाहेर काढावे, मधून कडेकडे हातानें पसरावे आणि ओव्हन २५० अंशांपर्यंत तापवून भाजावे. उन्हाळ्यांत पीठ रात्रभर बाहेर मात्र ठेवूं नये. तें आंबट होऊन जाळें तुटतें व गोळा चिकट होतो.

घाई झाली म्हणून कित्येकजण यीस्ट वाढवितात. त्यानें वायु लवकर मिळतो, चव मिळत नाहीं. कारण चव हें काळाचें काम आहे.

या रीतीचा आणखी एक लाभ पालकांनींहि ध्यानांत घ्यावा. पाहुणे आल्यावर आईनें एकटीनें ओट्याशीं राबावें आणि इतरांनीं पंगतीस बसावें, हा आमच्या घरांतील जुना दोष आहे. कष्टाचा भाग आदल्या रात्रीं उरकला, तर तीहि सर्वांबरोबर जेवावयास बसेल. मळण्याचें काम विद्यार्थ्यांनीं अंगावर घ्यावें. हें मुलींचेंच काम, असें कोणी समजूं नये. नेपल्सचे पिझ्झावाले आणि गोव्याचे पोदेर हे बहुधा पुरुषच असत आले आहेत.